गॅमा स्फोट: मोजणं सोपं, दिशा सांगणं कठीण

प्रश्न थोडक्यात असा आहे: गॅमा किरण आरशाला आणि भिंगाला दाद देत नाहीत, मग अवकाशातल्या दुर्बिणी दूरच्या अवकाशातून अचानक येणारे गॅमा किरणांचे स्फोट पकडतात कशा, आणि ते आकाशात नेमके कुठे झाले हे कसं ओळखतात? त्याला जोडून दुसरा प्रश्न: विद्यार्थ्यांनी बनवलेल्या दहा सेंटिमीटरच्या उपग्रहावर असा डिटेक्टर बसवण्यात काही अर्थ आहे का?

मी बरीच वर्षं हेच काम करतो. उपग्रहाकडून ट्रिगर, म्हणजे ‘नोंदी अचानक वाढल्या’ अशी आपोआप सूचना, आला की आलेख उघडायचे, खरं-खोटं ठरवायचं, जागा शक्य तेवढी नेमकी करायची. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली आहे. स्फोट झाला हे कळणं त्यामानाने सोपं असतं. तो कुठे झाला हे सांगणं, आणि तेही वेळेत सांगणं, हीच खरी कसोटी. या विषयातल्या बहुतेक मोठ्या झेपा जागा आधीपेक्षा नेमकी किंवा आधीपेक्षा लवकर कळल्यामुळे घेता आल्या.

आधी ‘दुर्बीण’ या शब्दाने डोळ्यांपुढे येणारं चित्र बाजूला ठेवा. इथे नळकांडं नाही, आरसा नाही, फोटो नाही. वातावरण गॅमा किरणांना खाली येऊ देत नाही. आपल्या डोक्यावरची हवा वजनाने सुमारे दहा मीटर पाण्याच्या थराइतकी भरते. म्हणून उपकरण वर न्यावं लागतं. वर असतो तो एक स्फटिक. फर्मी उपग्रहाच्या जीबीएम या उपकरणात थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडच्या बारा चकत्या आहेत, प्रत्येकी साधारण पावणेतेरा सेंटिमीटर व्यासाच्या आणि सव्वा सेंटिमीटर जाडीच्या. गॅमा फोटॉन स्फटिकात शिरला की आत अतिशय मंद चमक उठते. मागची प्रकाशनलिका त्या चमकेचं विजेच्या स्पंदात रूपांतर करते. स्पंद जितका मोठा, तितकी फोटॉनची ऊर्जा जास्त. आणखी वरच्या ऊर्जेसाठी बिस्मथ जर्मेनेटचे दोन जाड स्फटिक वेगळे आहेत. आमच्या हातात शेवटी येतात ते आकडेच: अमुक मिलिसेकंदांत, अमुक ऊर्जेच्या, अमुक इतक्या नोंदी.

या नोंदी कधीच शून्य नसतात. वैश्विक किरण सतत आदळत असतात, आकाशभर पसरलेला क्ष-किरणांचा उजेड असतो, पृथ्वीच्या वातावरणातून उलट फेकले जाणारे गॅमा किरण असतात. उपग्रह साधारण दीड तासात एक फेरी मारतो आणि त्या फेरीत ही पार्श्वभूमी वरखाली होत राहते. दक्षिण अटलांटिकवर चुंबकीय क्षेत्र कमकुवत आहे, तिथे अडकलेले कण इतके दाट असतात की डिटेक्टर बंदच ठेवावे लागतात. स्फोट शोधायचा म्हणजे या हलत्या पाण्यावर उठलेली वेगळी लाट ओळखायची.

कशी ओळखायची, ते आकड्यांत दाखवतो. समजा एका डिटेक्टरवर सेकंदाला सरासरी ३०० नोंदी होतात. अशा मोजणीत निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार साधारण वर्गमुळाइतका, म्हणजे १७ च्या आसपास. जीबीएमची नेहमीची अट अशी की वाढ या चढउताराच्या साडेचार पट हवी आणि ती किमान दोन डिटेक्टरांवर एकाच वेळी दिसायला हवी. म्हणजे आपल्या उदाहरणात एका सेकंदात ३७८ च्या आसपास नोंदी दिसल्या, तर डिटेक्टर हात वर करेल.

आता एक मंद, रेंगाळणारा स्फोट घ्या: सेकंदाला फक्त ३० नोंदी जास्त, पण आठ सेकंद टिकणारा. एका सेकंदाच्या खिडकीतून तो दिसणारच नाही, कारण ३० म्हणजे चढउताराच्या दुप्पटसुद्धा नाही. आठ सेकंदांची बेरीज केली तर मात्र पार्श्वभूमी २४००, तिचा चढउतार ४९ आणि वाढ २४०. जवळपास पाच पट, ट्रिगर पक्का. याच्या उलट १६ मिलिसेकंदांत १२ जादा नोंदी देऊन विझणारा स्फोट घ्या. एवढ्याशा वेळात पार्श्वभूमी पाचेक नोंदींची, म्हणून १२ ही वाढ प्रचंड; पण सेकंदाच्या बेरजेत ती विरघळून जाते. म्हणूनच उपग्रहावरचा प्रोग्रॅम १६ मिलिसेकंदांपासून आठ सेकंदांपर्यंतच्या अनेक खिडक्यांतून, वेगवेगळ्या ऊर्जापट्ट्यांत, एकाच वेळी पाहत असतो.

दोन डिटेक्टरांची अट का? जड वैश्विक कण स्फटिकात घुसला की स्फटिक थोडा वेळ झिरपल्यासारखा चमकत राहतो आणि त्या एकट्या डिटेक्टरवर नोंदींचा पूर येतो. शेजाऱ्यांवर काही नसतं. अट घातली की असे बहुतेक खोटे ट्रिगर तिथेच गळतात.

तरी सगळे गळत नाहीत. ट्रिगर आला की मी आधी बाराही डिटेक्टरांचे आलेख एकाखाली एक लावतो. खरा स्फोट दूरच्या एका बिंदूतून येतो, त्यामुळे त्याच्याकडे तोंड असलेल्या तीन-चार डिटेक्टरांत ठसठशीत उंचवटा दिसतो, बाजूच्यांत बुटका आणि पाठ फिरवलेल्यांत जवळपास काही नाही. उपग्रह कणांच्या ढगातून जात असेल तर बाराच्या बारा आलेख संथपणे, सारख्याच चालीने चढतात. सुरुवातीच्या काळात अशी एक घटना मी खरी समजून पुढे पाठवायला निघालो होतो. चढ सुरेख होता, उतार सुरेख होता. शेजारच्या सहकाऱ्याने फक्त शेवटच्या चार डिटेक्टरांवर बोट ठेवलं. तिथेही अगदी तोच चढ होता. तेव्हापासून मी सर्वांत मोठा उंचवटा शेवटी पाहतो. आधी पाहतो ते, जिथे काही दिसायला नको तिथे काय दिसतंय.

इतर तोतयेही आहेत. सूर्यावरची ज्वाळा सूर्याच्या दिशेने येते आणि तिच्यात कमी ऊर्जेचे फोटॉन जास्त असतात. आपल्याच आकाशगंगेतले मॅग्नेटार, म्हणजे प्रचंड चुंबकीय क्षेत्राचे न्यूट्रॉन तारे, आखूड, मऊ (कमी ऊर्जेचे) स्पंद देतात. मिलिसेकंदाहूनही छोटा, कडक ऊर्जेचा आणि खालून आलेला झटका असेल तर तो पृथ्वीवरच्या विजेच्या वादळातला.

आता दिशा. यासाठी मुख्य युक्त्या तीन आणि तिन्हींचं मूळ आहे सावली किंवा घड्याळ.

पहिली युक्ती जीबीएमची. घरात कुठल्या खोलीत किती ऊन आलंय यावरून सूर्य कुठे आहे ते कळतं, तसं. बारा चकत्या बारा दिशांना तोंड करून आहेत. स्फोटाकडे सरळ तोंड असलेल्या चकतीला जास्त फोटॉन मिळतात, तिरक्या चकतीला कमी. या प्रमाणांवरून दिशा काढायची. वाचायला सोपं आहे, पण काही फोटॉन उपग्रहाच्या सांगाड्यावर आपटून येतात, काही पृथ्वीच्या वातावरणावरून परतून येतात आणि प्रमाण बिघडवतात. त्यामुळे चूक काही अंशांची राहते. आकाशात पाच अंश त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्यात साधारण चारशे पूर्णचंद्र मावतील. एवढ्या जागेत मोठ्या दुर्बिणीने विझत चाललेला ठिपका शोधणं कठीणच. पण याच साधेपणामुळे जीबीएमला पृथ्वीने न झाकलेलं सगळं आकाश एकदम दिसतं आणि वर्षाला सुमारे २४० स्फोट हाती लागतात.

दुसरी युक्ती मला सगळ्यात देखणी वाटते: कोडेड मास्क. नक्षीदार जाळीच्या खिडकीतून उन्हं आत आली की जमिनीवर नक्षी उमटते. सूर्य सरकला की नक्षी सरकते. नक्षी ओळखीची असेल, तर ती किती सरकली यावरून सूर्याची जागा न बघता सांगता येते. स्विफ्ट उपग्रहाच्या बीएटी या उपकरणात वर शिशाच्या पन्नास हजारांहून जास्त छोट्या फरश्यांची विस्कळीत नक्षी आहे. तिच्याखाली एक मीटरवर कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे ३२,७६८ डिटेक्टर आहेत, प्रत्येकी चार मिलिमीटरचा. नक्षी मुद्दाम विस्कळीत ठेवतात, कारण एकसारखी जाळी असती तर एक घर सरकल्यावर सावली पुन्हा तशीच दिसली असती आणि दोन दिशांमध्ये फरक करता आला नसता. उपग्रहावरचा संगणक सावली आणि नक्षी पडताळून एक ते चार आर्कमिनिटांपर्यंत जागा काढतो. पूर्णचंद्र तीस आर्कमिनिटांचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. किंमत ही की बीएटीला एका वेळी आकाशाचा थोडाच भाग दिसतो आणि वर्षाला मिळणारे स्फोट शंभराच्या आतबाहेर राहतात.

तिसरी युक्ती घड्याळाची. स्फोटाचा तोच उंचवटा दोन यानांवर वेगवेगळ्या क्षणी पोचतो. त्या फरकावरून आकाशात एक कडं काढता येतं. स्फोट त्या कड्यावर कुठेतरी आहे. तिसरं यान असेल तर दुसरं कडं मिळतं आणि दोन कडी जिथे छेदतात तिथे स्फोट. यानं जितकी लांब, तितकं कडं बारीक. सूर्य-पृथ्वी अंतर कापायला प्रकाशाला सुमारे ५०० सेकंद लागतात. एवढ्या अंतरावरच्या दोन यानांत वेळेचा फरक शतांश सेकंदापर्यंत मोजता आला, तर कड्याची रुंदी आदर्श स्थितीत काही आर्कसेकंदांवर येते (आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग). मंगळाभोवतीचं मार्स ओडिसी, सूर्याच्या दिशेने दूर उभं असलेलं विंड यान आणि पृथ्वीजवळचे उपग्रह मिळून हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत.

या विषयाची सुरुवातही घड्याळानेच झाली. १९६३ च्या अणुचाचणी करारानंतर कुणी अवकाशात चोरून चाचणी करतंय का हे पाहायला अमेरिकेने वेला उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ ला त्यांनी दोन शिखरांचा एक झटका नोंदवला. तो अणुस्फोटासारखा दिसत नव्हता. पण एका नोंदीवरून दिशा कळेना. पुढच्या वेला उपग्रहांची घड्याळं जास्त बारीक होती. कक्षा सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास, म्हणजे समोरासमोरच्या दोन उपग्रहांमध्ये प्रकाशाला सुमारे ०.८ सेकंद लागत. या फरकावरून अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या रे क्लेबेसाडेल, इयान स्ट्राँग आणि रॉय ओल्सन यांनी पृथ्वी आणि सूर्य दोन्ही उगम म्हणून बाद केले आणि १९७३ मध्ये १६ स्फोटांची माहिती प्रसिद्ध केली. जागा ढोबळ होती, पण ‘इथला नाही’ एवढं सांगायला पुरेशी होती.

मग बरीच वर्षं अडकून गेली. १९९१ मध्ये गेलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या बॅट्सी उपकरणाने नऊ वर्षांत २७०४ स्फोट नोंदवले. ते आकाशात सगळीकडे सारखे पसरलेले निघाले, आकाशगंगेच्या पट्ट्यात गोळा झालेले नव्हते. दोन सेकंदांच्या आगेमागे आखूड आणि लांब असे दोन गटही दिसले. पण अंतर एकाचंही माहीत नव्हतं. हाच पेच २८ फेब्रुवारी १९९७ ला सुटायला लागला. इटली आणि नेदरलँड्सच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने एका स्फोटाची जागा आर्कमिनिटांत पकडली, साधारण आठ तासांत आपली क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळवली आणि तिथे मंदावत जाणारा प्रकाश सापडला. त्याच ठिकाणी जमिनीवरच्या दुर्बिणींना साध्या प्रकाशातही ठिपका दिसला. त्याच वर्षी मे महिन्यातल्या स्फोटाच्या वर्णपटावरून रेडशिफ्ट (प्रकाश तांबड्याकडे किती सरकलाय याचं माप, त्यावरून अंतर कळतं) किमान ०.८३५ निघाली. म्हणजे अब्जावधी प्रकाशवर्षांचं अंतर. २७०४ स्फोटांना जे सांगता आलं नाही, ते नीट जागा मिळालेल्या दोन स्फोटांनी सांगितलं.

२० नोव्हेंबर २००४ ला गेलेल्या स्विफ्टने हेच तासांवरून मिनिटावर आणलं. बीएटीला स्फोट दिसला की उपग्रह जमिनीवरून हुकूम यायची वाट पाहत नाही. सूर्य, चंद्र, पृथ्वी वाटेत येत नाहीत हे स्वतः तपासतो आणि दीड मिनिटाच्या आसपास वळून क्ष-किरण व अतिनील दुर्बीण रोखतो. जागा काही आर्कसेकंदांवर येते. तोवर जगभर सूचना गेलेली असते आणि स्वयंचलित दुर्बिणी वळत असतात. या घाईचं कारण साधं आहे: उत्तरप्रकाश, म्हणजे स्फोटामागून रेंगाळणारा प्रकाश, झपाट्याने विझतो. १९ मार्च २००८ चा स्फोट सुमारे ७.५ अब्ज वर्षं प्रवास करून आलेला प्रकाश होता, तरी काही सेकंद तो नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका तेजस्वी झाला. काही मिनिटं उशिरा वळलेल्या दुर्बिणीला तो क्षण मिळालाच नसता.

उशिरा किंवा अपुरी जागा मिळाली की जाणकारही कसे चकतात, ते ९ ऑक्टोबर २०२२ ला दिसलं. फर्मीने एक प्रचंड स्फोट नोंदवला. डिटेक्टर अक्षरशः तुंबले, नोंदी मोजताच येईनात. स्विफ्टच्या वाटेत त्या वेळी पृथ्वी होती. जवळजवळ तासाभराने त्याला तिथे तेजस्वी स्रोत दिसला. जागा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ, त्यामुळे आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी असावं असं आधी वाटलं आणि नावही तसंच दिलं गेलं. फर्मीची वेळ आणि स्विफ्टची जागा जुळवल्यावर कळलं की हा नोंदलेल्या सर्वांत तेजस्वी गॅमा स्फोटाचा उत्तरप्रकाश आहे आणि तो सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी निघालाय. त्या दिवशीचे निरोप वाचताना हातातलं बाकी सगळं काम थांबलं होतं.

१७ ऑगस्ट २०१७ ची गोष्ट याच्या उलट. स्फोट मंद होता, एकटा आला असता तर यादीतली आणखी एक ओळ ठरला असता. जीबीएमची सूचना १४ सेकंदांत बाहेर पडली. मग गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेने सांगितलं की त्याच्या १.७ सेकंद आधी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळल्याच्या गुरुत्वीय लहरी आल्या होत्या. लायगो आणि तशीच दुसरी वेधशाळा व्हर्गो यांच्या वेळा जुळवून आकाशाचा तुकडा लहान केला आणि काही तासांत १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. आखूड स्फोटांचा उगम तिथे प्रत्यक्ष दिसला. लांब स्फोट भारी ताऱ्याच्या कोसळण्यातून, आखूड स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून, ही विभागणी मात्र डोळे झाकून वापरू नका. डिसेंबर २०२१ आणि मार्च २०२३ मध्ये लांबलचक टिकलेल्या दोन स्फोटांमागे टकरीचीच खूण सापडली.

इथे भारताच्या ॲस्ट्रोसॅटचा उल्लेख करायलाच हवा, कारण त्याने डिटेक्टरकडे वेगळ्या नजरेने पाहायला शिकवलं. त्यावरचं सीझेडटीआय हे उपकरण ६ ऑक्टोबर २०१५ ला सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी त्याला स्फोट सापडला, तोही त्याच्या नेहमीच्या दृष्टिक्षेत्राबाहेरचा. सुमारे १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) च्या वर उपकरणाच्या भिंती गॅमा किरणांना बऱ्यापैकी पारदर्शक होतात, त्यामुळे बाजूनेही आत येता येतं. शिवाय एक फोटॉन एका पिक्सेलवर आपटून शेजारच्या पिक्सेलमध्ये उडाला, तर तो कुठल्या बाजूला उडाला यात ध्रुवीकरणाची, म्हणजे किरणांची कंपनं कुठल्या दिशेत होतात याची, माहिती असते. अशा जोडनोंदी वेचून ध्रुवीकरण मोजायचं काम चिकाटीचं आहे, पण स्फोटाच्या झोतातलं चुंबकीय क्षेत्र कसं असेल याचा अंदाज देणारे मार्ग फार थोडे आहेत, त्यातला हा एक.

आता दहा सेंटिमीटरच्या उपग्रहाकडे येतो. अर्थ आहे, नक्कीच आहे. मार्च २०२१ मध्ये गेलेला जीआरबीअल्फा याच मापाचा होता. त्यावर सीझियम आयोडाइडची ७५ मिलिमीटरची चौरस आणि पाच मिलिमीटर जाडीची पाटी होती, बस्स. ९ ऑक्टोबर २०२२ ला मोठमोठे डिटेक्टर तुंबले तेव्हा या छोट्याने शिखर न तुंबता मोजलं, कारण त्याच्यावर मुळातच कमी फोटॉन पडत होते. पण दिशा एकट्याने मिळणार नाही, ती अपेक्षा सोडा. एकच पाटी ‘झाला’ एवढंच सांगेल. दिशा हवी तर असे अनेक उपग्रह हवेत आणि खालच्या कक्षेत दोन उपग्रह पृथ्वीच्या दोन बाजूंना असले तरी प्रकाशाला त्यांच्यामध्ये फार तर ४५ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे वेळ मिलिसेकंदापर्यंत जुळली तरच उपयोग, आणि पाटी लहान असल्याने ती अचूकता फक्त तेजस्वी, टोकदार शिखरांच्या स्फोटांतच मिळेल.

म्हणून डिटेक्टर कुठला घ्यायचा या चर्चेआधी प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का कसा मारणार ते ठरवा. जीपीएसचा सेकंद-स्पंद (दर सेकंदाला येणारा वेळेचा ठोका) थेट डिटेक्टरच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये न्या, संगणकाच्या घड्याळातून फिरवून आणू नका. दोन पाट्या टेबलावर शेजारी ठेवा आणि दोन्हींमधून एकदम जाणाऱ्या म्युऑनच्या (वैश्विक किरणांमुळे तयार होऊन जमिनीपर्यंत पोचणाऱ्या कणांच्या) नोंदी काढा. त्यांच्या वेळा एका मिलिसेकंदाच्या आत जुळेपर्यंत पुढच्या टप्प्याकडे वळू नका.